वाचून दाखवताना

“तो कुठं उभा राहणार?” शालननं विचारलं.

साक्षीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत मी तिला कोर्टाची रिकामी खोली दाखवायला नेलं होतं. पंखे फिरत होते, आत माणूस एकही नव्हता. दारावरचा शिपाई माझ्या जुन्या ओळखीचा होता, त्यानं पाच मिनिटं दिली होती.

“मागे, त्या कोपऱ्यात. पण मध्ये पडदा लावतील. आपला अर्ज मंजूर झालाय. तुला तो दिसणार नाही.”

“आवाज येईल का?”

“त्याला बोलू देणार नाहीत.”

“आणि खोकला तर?”

“खोकला तर खोकू दे,” मी म्हणाले. ती हसली नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली, कठड्यावर दोन्ही हात ठेवून बघितले, मग काढून घेतले. न्यायाधीश कुठं बसतात, सरकारी वकील कुठं, त्याचा वकील कुठं, सगळं तिनं बोट करून विचारून घेतलं. शेवटी न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाकडे बघून म्हणाली, “आणि इथं कोण?”

“लघुलेखक. साहेब तोंडानं सांगतात, ते टाइप करायचं. मी एकतीस वर्षं अशाच टेबलाशी बसले.”

“मग तुम्ही लई ऐकलं असंल, मॅडम.”

“ऐकलं कमी. टाइप केलं,” मी म्हणाले आणि घड्याळाकडे बघून तिला बाहेर आणलं.

शालन तेव्हा तेहतीस वर्षांची होती. गावापासून दोन किलोमीटरवर भाजीच्या रोपांची एक रोपवाटिका होती, तिथं ती ट्रेमध्ये बी लावायच्या कामाला जायची. मालकाच्या धाकट्या भावानं एका दुपारी तिला खताच्या गोदामात अडवलं. बाकीच्या बायका जेवायला घरी गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिनं फिर्याद दिली. नवरा महिन्याभरात चाकणला कामाला निघून गेला. तो फोन करायचा, पण मुलीशीच बोलायचा. घरात ती, आठ वर्षांची मुलगी आणि सासू. खटला उभा राहायला दोन वर्षं लागली.

निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून मी प्रतिभाताईंच्या केंद्रात जायला लागले होते. अशा बायकांबरोबर दवाखान्यात जायचं, पोलीस ठाण्यात बसायचं, कोर्टात सोबत करायची, असं तिथलं काम. पहिले आठ महिने मी कागद लावण्यापलीकडे काही केलं नाही. शालनच्या साक्षीच्या वेळी प्रतिभाताईंना दुसऱ्या तालुक्यात जावं लागलं आणि त्या म्हणाल्या, “हेमलताबाई, शालनबरोबर तुम्ही जा. कोर्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकच लक्षात ठेवा, आपण तिच्या शेजारी बसायचं, तिच्या जागी नाही.”

मी मान हलवली.

साक्षीच्या दिवशी सकाळी साडेदहाला दोघी एसटीनं आल्या. दोघी म्हणजे शालन आणि तिची सासू सोनाबाई. सोनाबाईला बघून मला धास्तीच वाटली. सत्तरीची, काटक, बोलायला कडक बाई. केंद्रात एकदाच आली होती आणि तासभर भिंतीकडे बघत बसली होती. आरोपीच्या घरचे लोक मिटवून घेण्यासाठी गावातल्या मोठ्या माणसांमार्फत निरोप धाडत होते, हे आम्हाला ठाऊक होतं. मुलगा घर सोडून गेलेला. ही बाई सुनेला साक्षीपर्यंत पोचू देईल का, असं माझ्या मनात होतं.

“मला बी आत बसायचं हाय,” ती आल्या आल्या म्हणाली.

“आत्ती, आत कुणालाच सोडत नाहीत,” शालन म्हणाली. “बंद खोलीत चालवतात. मॅडमना तेवढी परवानगी आहे.”

सोनाबाईनं मला वरून खालपर्यंत बघितलं. “बरं,” म्हणाली आणि व्हरांड्यातल्या बाकाच्या टोकाला जाऊन बसली.

मी शालनला बाजूला घेतलं आणि सगळं पुन्हा एकदा सांगितलं. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हण. पाणी हवं तर माग. रडू आलं तर येऊ दे. “आणि सगळ्यात महत्त्वाचं, साक्ष संपली म्हणजे संपली असं नाही. तू बोललीस ते साहेब त्यांच्या शब्दांत सांगतात, ते टाइप होतं. शेवटी ते सगळं तुला वाचून दाखवतात, मग सही घेतात. तोवर तू दमलेली असशील. घरी जायची घाई असेल. वाचणारा भरभर वाचेल. तेव्हाच कान उघडे ठेवायचे. तू बोलली नाहीस असं काही त्यात आलं तर सांगायचं. तो तुझा हक्क आहे.”

“मध्येच थांबवायचं?”

“थांबवता येतं.”

“साहेब चिडले तर?”

“चिडू दे,” मी म्हणाले. बोलताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण तिनं माझ्याकडे रोखून बघितलं.

तेवढ्यात व्हरांड्याच्या त्या टोकाकडून पांढरा सदरा घातलेला एक जाडजूड गृहस्थ आमच्याकडे येताना दिसला. शालन माझ्या मागे सरकली. “त्याचा चुलता,” ती पुटपुटली.

मी काही बोलायच्या आत सोनाबाई बाकावरून उठली आणि त्या माणसाच्या वाटेत उभी राहिली. ती त्याच्या छातीइतकीसुद्धा उंच नव्हती.

“राम राम, वहिनी,” तो म्हणाला. “दोन मिनिटं सूनबाईंशी बोलायचं होतं. अजून वेळ गेलेली नाही. एकाच गावात राहायचंय आपल्याला.”

“ती आत बोलाया आलीया,” सोनाबाई म्हणाली. “भाईर तुमच्याशी न्हाई.”

“तसं नव्हे, पोराचं आयुष्य—”

“तुमचं पोर मला माहीत हाय. मागं सरा.”

आवाज मुळीच मोठा नव्हता. पण व्हरांड्यातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली आणि तो माणूस सदरा सारखा करत मागे फिरला. सोनाबाई परत बाकावर येऊन बसली. आम्हा दोघींकडे तिनं बघितलंही नाही.

पावणेबाराला पुकारा झाला.

आत पडदा लावलेला होता, हिरव्या कापडाचा, जरा आखूड. खालून त्याचे बूट दिसत होते. माझ्या ध्यानात आलं तसं मी माझी खुर्ची सरकवून मध्ये घेतली. न्यायाधीशांनी मला बजावलं, “तुम्ही फक्त सोबतीला. साक्ष चालू असताना एक शब्द बोलायचा नाही, खूण करायची नाही. नाहीतर बाहेर जावं लागेल.”

“हो, साहेब.”

सरतपासणी नीट झाली. सरकारी वकील बाईंनी शांतपणे विचारलं, शालननं शांतपणे सांगितलं. दोनदा थांबली, एकदा पाणी प्याली. मग उलटतपासणी सुरू झाली. आरोपीचा वकील ओरडणारा नव्हता. मऊ बोलायचा, प्रत्येक प्रश्नाआधी “ताई” म्हणायचा. ट्रे किती होते, बाकीच्या बायका किती वाजता गेल्या, त्या दिवशी साडी कोणती होती, तिसऱ्या दिवसापर्यंत गप्प का बसलात. तास उलटून गेला. शालनच्या चेहऱ्यावर घाम आला होता, पण ती उत्तरं देत होती.

“ताई, गोदामाचं दार उघडं होतं?”

“उघडं होतं.”

“तुम्ही पळाला नाहीत?”

“दारात तोच होता.”

“ओरडलात?”

“तोंडावर हात होता.”

“म्हणजे तुम्ही विरोध केला नाही. बरोबर?”

शालननं कठडा दोन्ही हातांनी धरला. मग ती हळू, पण मला अगदी स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “करता आला नाही.”

न्यायाधीशांनी वहीत काहीतरी टिपलं आणि मागचं पान उलटलं. ते खालच्या टेबलाकडे वळले आणि त्यांनी सांगितलं, “मी विरोध केला नाही.”

लघुलेखिकेनं ते टाइप केलं.

त्या साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. सकाळपासून त्यांनी मान वर केली नव्हती. प्रश्नातले शब्द कानात राहिले, सांगताना उत्तरातला एक निसटला. असं होतं. एकतीस वर्षांत मी ते कितीदा बघितलं असेल. सरकारी वकील बाई त्या क्षणी फाइलमध्ये काहीतरी शोधत होत्या. आरोपीच्या वकिलाला मात्र नक्की ऐकू आलं होतं. त्यानं पुढचा प्रश्न लगेच विचारला.

मी खुर्चीवरून अर्धी उठले. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलले असते तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं, शालन आत एकटी राहिली असती आणि साक्षीदाराला पढवलंय असं म्हणायला त्या वकिलाला आयतं कारण मिळालं असतं. हे सगळं मला कळत होतं. तरी मला खाली बसवेना.

“काही त्रास होतोय का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही, साहेब,” मी म्हणाले आणि बसले.

आणखी वीस-पंचवीस मिनिटांनी उलटतपासणी संपली. सरकारी वकील बाईंनी फेरतपासणी नाही म्हणून सांगितलं. पानं छापून आली आणि कारकून ती वाचायला लागला. मी सांगितलं होतं तसंच तो वाचत होता, एका सुरात, श्वास न घेता. शालन कठड्याला टेकून उभी होती. नजर जमिनीवर. ती ऐकतेय की नाही काही कळत नव्हतं. तिचे डोळे अर्धवट मिटल्यासारखे झाले होते.

मी मनातल्या मनात पानं मोजत होते. ट्रे झाले, साडी झाली, दार उघडं होतं झालं. “मी विरोध केला नाही,” कारकुनानं वाचलं आणि पुढचं वाक्य धरलं.

शालन हलली नाही.

आता ती थांबवेल, आता थांबवेल असं म्हणता म्हणता तो पान उलटून पुढे गेला. शेवटची चार-पाच वाक्यं माझ्या कानावर पडली नाहीत. “वाचून दाखवले, बरोबर आहे,” असं म्हणून त्यानं पानं तिच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. शालननं पेन हातात घेतलं. टोपण काढलं.

“साहेब,” ती म्हणाली, “सगळं बरोबर आहे. एक वाक्य सोडून.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “कोणतं?”

“विरोधाचं. मी विरोध केला नाही, असं यात आहे. मी तसं बोलले नाही.”

आरोपीचा वकील उठला. “साहेब, माझी हरकत आहे. साक्षीदार आता विचार करून उत्तर बदलत आहे. सोबतच्या बाई स्वतः कोर्टात नोकरीला होत्या. हे पढवलेलं आहे.”

“त्या बाई एक शब्दही बोललेल्या नाहीत, मी बघत होतो,” न्यायाधीश म्हणाले. मग शालनकडे वळून, “तुम्ही काय बोलला होता?”

“करता आला नाही, असं बोलले.”

“फरक काय आहे त्यात?” वकिलानं मऊपणे विचारलं.

शालन त्याच्याकडे वळली. सकाळपासून ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला डोळा देत होती. “फरक तुम्हाला माहीत आहे, वकीलसाहेब. माहीत नसता तर तुम्ही एवढे उठून बोलला नसता,” ती म्हणाली. मग न्यायाधीशांना, “मला करायचा होता, साहेब. त्यानं एका हातानं माझे दोन्ही हात धरले होते, मला करता आला नाही. दोन वर्षं मी हेच सांगतेय. ते दुसरं माझं बोलणं नाही, त्याच्याखाली मी सही करणार नाही.”

न्यायाधीशांनी आपली वही ओढून घेतली. त्यात ते पेन्सिलीनं टिपणं करत असत. दोन पानं मागे गेले, बोट ठेवून वाचलं. मग त्यांनी लघुलेखिकेकडे बघितलं. ती पंचविशीतली मुलगी, तिचा चेहरा उतरला होता.

“तुम्ही काय ऐकलंत?” त्यांनी तिला विचारलं.

असं विचारताना मी कधीच बघितलं नव्हतं. मला माझ्या नोकरीत कुणी कधी विचारलं नव्हतं. ती मुलगी उभी राहिली. “साहेब, बाई ‘करता आला नाही’ असंच म्हणाल्या होत्या. आपण सांगितलं तसं मी टाइप केलं.”

“बरोबर. माझ्या टिपणातही तेच आहे. चूक माझी,” न्यायाधीश म्हणाले. त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं, वर नवीन लिहिलं, शेजारी सही केली, वकिलाची हरकत नोंदवून घेतली आणि कारकुनाला ते परत मोठ्यानं वाचायला लावलं. “मला विरोध करता आला नाही. त्याने एका हाताने माझे दोन्ही हात धरले होते.”

“आता बरोबर?”

“हो,” शालन म्हणाली आणि तिनं सही केली. प्रत्येक पानावर, सावकाश, पूर्ण नाव.

बाहेर आल्यावर ती बाकावर सोनाबाईच्या शेजारी मटकन बसली. सोनाबाईनं काही विचारलं नाही, पदरानं तिचा चेहरा पुसला. आम्ही कोर्टासमोरच्या हॉटेलात गेलो. शालननं दोन प्लेट भजी खाल्ली. मी नुसता चहा घेतला होता, तोही तसाच पुढे पडून होता.

“शालन,” मी म्हणाले, “तो ते वाक्य वाचत होता तेव्हा का नाही थांबवलंस गं? माझा जीव जायचा राहिला होता.”

“मध्येच थांबवलं असतं तर पुढचं ऐकायचं राहिलं असतं ना,” ती म्हणाली. “आणखी कुठं काही घातलंय का, ते बघत होते.”

मला हसू आलं, आणि हसता हसता रडायलाच लागले. हॉटेलातली माणसं बघायला लागली. शालन घाबरली. “मॅडम, काय झालं?”

मग मी त्यांना सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नाही.

नोकरीला लागून मला आठ-नऊ महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. अशीच एक केस. शेळ्या राखणारी बाई, माझ्याच वयाची. तिला विचारलं, गप्प का बसलात? ती म्हणाली, “मी भ्याले म्हणून गप बसले.” वरून मला सांगण्यात आलं, “मी गप्प बसले.” माझी बोटं टाइपरायटरवर थांबली होती, मला आठवतं. एक क्षण थांबली आणि मग चालली. मी कायम झाले नव्हते. नवीन मुलीनं साहेबांना टोकायचं कसं, असं वाटलं. शेवटी वाचून दाखवताना तिला कळेल, असंही वाटलं. तिला कळलं नाही. तिनं अंगठा उठवला. तो माणूस सुटला. निकालपत्रात ते वाक्य जसंच्या तसं होतं, त्यावर सगळं अवलंबून होतं. ते निकालपत्रही मीच टाइप केलं.

“भ्याले म्हणून. दोनच शब्द होते,” मी म्हणाले. “मी निवृत्त होईपर्यंत त्यानंतर कितीतरी साक्षी टाइप केल्या. पण केंद्रात मी आले ती त्या दोन शब्दांसाठी.”

शालननं हातातली भजी खाली ठेवली. “ती बाई आता कुठं असंल?”

“माहीत नाही. मी दोनदा शोधलं. त्यांचं गाव धरणात गेलं, माणसं पांगली.”

‘होतं असं’, ‘तुमचा काय दोष’ वगैरे शालन काही म्हणाली नाही, आणि ते मला बरं वाटलं.

सोनाबाई मात्र विचार करत होती. “तवा तुमी बोलला न्हाई,” ती म्हणाली. “आन आज?”

“आज मला बोलायची परवानगीच नव्हती.”

“मंग काय बिघडलं? हिनं केलं की.” तिनं सुनेकडे मान उडवली. “तुमी शिकीवलं, हिनं केलं. प्या चा, निवला.”

मी चहा प्याले. गार झाला होता, पण कित्येक वर्षांत चहा इतका चांगला लागला नव्हता.

निकाल सात महिन्यांनी लागला. त्याला शिक्षा झाली. वर अपील झालं, ते चार वर्षं चाललं, शेवटी शिक्षा कायम राहिली. शालनचा नवरा मध्ये एकदा परत आला, पुन्हा गेला, आता येऊन-जाऊन असतो. शालननं दुसऱ्या रोपवाटिकेत काम धरलं. आता तिच्या हाताखाली चौदा बायका आहेत. या सगळ्या गोष्टी मी नंतर लोकांना सांगते, कारण लोक तेच विचारतात. मला स्वतःला आठवते ती त्या दिवशीची परतीची एसटी.

केंद्राचा नियम होता, साक्षीच्या दिवशी बाईला घरापर्यंत पोचवायचं. म्हणून मीही त्यांच्याबरोबर गाडीत बसले. उन्हं कलायला लागली होती, गाडी निम्मी रिकामी होती. शालन खिडकीशी, मध्ये सोनाबाई, कडेला मी. गाव सुटायच्या आत शालनची मान खिडकीला टेकली. दोन खड्डे गेले तरी ती जागी झाली नाही. मग हळूहळू ती कलली आणि सासूच्या खांद्यावर आली. तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

सोनाबाई ताठ बसली होती. खांदा हलू नये म्हणून तिनं समोरच्या बाकाची दांडी धरून ठेवली होती. “दोन वरसं हिला डोळा न्हाई,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “कडी वाजली तरी उठून बसती. पोरगी कुशीवर वळली तरी उठती. मी बगती ना.”

त्यांचा फाटा जवळ आला तसा कंडक्टरनं आवाज दिला. मी शालनला उठवायला हात पुढे केला. सोनाबाईनं माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली.

“अहो, पण फाटा—”

“पुढला थांबा किती लांब हाय?” तिनं कंडक्टरला विचारलं.

“तीन किलोमीटर, आजी. उतरायचं नाही का तुम्हाला?”

“न्हाई. चालत माघारी येतो आमी,” सोनाबाई म्हणाली. “मारा घंटी.”

कंडक्टरनं शालनकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यानं घंटी मारली. फाट्यावरचं वडाचं झाड मागे गेलं, गाडीनं वेग घेतला, आणि शालन झोपून राहिली.